शपथेचं मराठी

मी मुळात तापट बाई. कंपनीतून रिटायर झाले तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, आता काहीतरी पीसफुल कर." म्हणून मी शनिवारी सकाळी लायब्ररीत सिटिझनशिपचा वर्ग घ्यायला लागले. पीसफुल म्हणे! एका टेबलाभोवती सात-आठ मोठी माणसं आणि प्रत्येकाला आपलं म्हणणं मांडायचंय. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, नागरिकत्वाच्या परीक्षेतले प्रश्न आधीच ठाऊक असतात, उत्तरंही. ती पाठ करायची आणि इंटरव्ह्यूत अधिकाऱ्यानं विचारलं की सांगायची, झालं. पण नाही. "सरकारची एक शाखा सांगा" म्हटलं की आमची माणसं तिन्ही सांगणार, वर त्यातली कुठली कशी चालायला हवी तेही सांगणार. मी टेबलावर हात आपटून ओरडायची, "विचारलं तेवढंच सांगा हो! तो तुमचा व्याही नाही, सरकारी माणूस आहे!"

या सगळ्यांवर वरताण होत्या त्या अमरावतीच्या काकू. वय चौऱ्याहत्तर. इथे कॅरी गावात मुलाकडे राहायच्या. ग्रीनकार्डावर कितीतरी वर्षं काढली होती, पण काका होते तोवर नागरिकत्वाचा विषय निघाला की ते म्हणायचे, "काही अडलंय का आपलं?" अडलं ते काका गेल्यानंतर. काकूंची धाकटी बहीण अमरावतीला एकटीच राहायची, लग्न केलेलं नव्हतं. तिला पक्षाघात झाला. एक बाजू गेली, बोलणं गेलं. काकू मिळेल त्या विमानानं धावल्या. पण ग्रीनकार्डवाल्याला देशाबाहेर फार काळ राहता येत नाही. सहा महिने होत आले तसे मुलाचे फोन सुरू झाले, वकील काय म्हणतो ते तो रोज सांगायला लागला, आणि काकू बहिणीला पगारी ठेवलेल्या दोन बायकांच्या हवाली करून परत आल्या.

"उद्या तिचं काही झालं तर मी इथे डिशवॉशर लावत बसलेली असेन," त्या मला म्हणाल्या. नागरिक झालं की हवं तितकं तिकडे राहता येतं, एवढंच त्यांना हवं होतं. अमेरिकन व्हायचं, ते अमरावतीला जाऊन राहता यावं म्हणून! मला आधी हसू आलं. मग त्यांच्या तोंडाकडे बघून ते कुठल्या कुठे गेलं.

अभ्यासाला काकू पक्क्या होत्या. इंग्रजीची मात्र धास्ती. वय झालेल्या आणि ग्रीनकार्डावर बरीच वर्षं काढलेल्या माणसांना ही परीक्षा आपल्या भाषेत देता येते, दुभाष्या सोबत न्यायचा. मुलगा म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, घरचं माणूस त्यांना चालेलच असं नाही, मीच येते. काकूंना केवढा आनंद झाला. "मग काय बाई, काही चुकलं तर तू सावरून घेशील!"

तिथेच तर सगळा घोळ होता. इंटरव्ह्यूच्या त्या छोट्याशा खोलीत काकूंच्या आधी मलाच हात वर करून शपथ घ्यायला लावली. जे बोललं जाईल ते शब्दाला शब्द सांगायचं. भर घालायची नाही, गाळायचं नाही, सुचवायचं तर मुळीच नाही. आणि हे कुणाला, तर मला! मी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पूर्ण करत आलेय. नवऱ्याला विचारा.

अधिकारी तिशीतला, शांत, आवाज हळू. प्रश्न सुरू झाले. पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, राजधानी कुठली, काकूंनी फटाफट सांगितलं. मग त्यानं विचारलं, सुरुवातीला लोक बाहेरून इथे राहायला कशासाठी आले? वर्गात मी ‘स्वातंत्र्यासाठी’ असं पाठ करून घेतलं होतं. काकू म्हणाल्या, "पोटापाण्यासाठी. दुसरं काय? आम्ही आलो तसेच." मी दात आवळून तसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तो हसला. हेही उत्तर बरोबर होतं.

काकू परीक्षेत पास झाल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्यानं शपथेचा मजकूर पुढे ओढला. तो वाचेल, मी मराठीत सांगेन, आणि ही शपथ घ्यायला तयार आहे का, ते काकूंनी सांगायचं.

ही शपथ मीही घेतलेली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी, मोठ्या हॉलमध्ये, शंभरेक लोकांबरोबर, इंग्रजीत. संपल्यावर आम्ही पिझ्झा खायला गेलो होतो. वर्गातही ते वाक्य दर आठवड्याला सगळ्यांकडून घोकून घेते. पण मराठीत ते मी कधी उच्चारलंच नव्हतं. आता उच्चारायची वेळ आली. "ज्या देशाची मी आजपर्यंत नागरिक होते, त्या देशावरची सगळी निष्ठा मी पूर्णपणे सोडून देते." माझाच आवाज मला ऐकवेना. हे मी म्हटलं होतं? कधी? आणि वर पिझ्झा खाल्ला होता?

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे भारत सोडला, असं म्हणायचं?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. त्यानं शपथेचं तेच वाक्य पुन्हा सावकाश वाचलं, मी पुन्हा मराठीत सांगितलं. काकूंनी पदर सारखा केला.

"त्याला सांग," त्या म्हणाल्या, "माझी बहीण तिकडे अंथरुणाला खिळलीय. तिच्यासाठीच मी हे करतेय. तिलाच सोड म्हणत असशील, तर नको मला तुझी सिटिझनशिप."

नुसतं "हो म्हणतात" असं सांगितलं असतं तरी त्याला काय कळणार होतं? मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. एका ‘येस’वर काकू अमरावतीला पोचणार होत्या. पण मी हात वर करून शब्द दिला होता. आणि काकू तर किती विश्वासानं माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आपलं म्हणणं त्याच्यापर्यंत जातंय म्हणून. मी सगळं सांगितलं. ‘नको मला तुझी सिटिझनशिप’सुद्धा.

त्यानं पेन खाली ठेवलं. क्षणभर मला वाटलं, संपलं, बाईसाहेब, काकूंचं घर तुम्ही बुडवलंत.

"त्यांना सांगा," तो म्हणाला, "ही शपथ देशाबद्दल आहे. बहिणीला सोडा असं कुणीही म्हणत नाहीये. बहिणीजवळ त्या हव्या तितक्या राहू शकतात. मला एवढंच ऐकायचंय, कायदा कुठला मानणार आणि वेळ आली तर कुठल्या देशाच्या बाजूनं उभ्या राहणार?"

मी सांगितलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं, एक प्रश्न परत विचारून खात्री केली, आणि मग मलाच रागावल्या. "मग असं सांग ना आधी! बहीण राहते ना माझी? मग कायदा तुमचा. मतही इथेच देईन. नातवंडं इथली आहेत माझी, मी कुणाच्या बाजूनं उभी राहणार? घेते शपथ."

तेही शब्दाला शब्द. त्यानं फॉर्मवर खूण केली आणि उठून काकूंना नमस्कार केला, चक्क दोन्ही हात जोडून.

पार्किंग लॉटमध्ये आल्यावर माझा बांध फुटला. "काकू! नको मला तुझी सिटिझनशिप? असं बोलतं का कुणी? माझा जीव गेला असता तिथे!"

"मग तू तरी काहून सांगितलं तसंच्या तसं?" काकू म्हणाल्या. "गाळायचं ना तेवढं!"

मी गाडीला टेकून हसले, इतकी हसले की रडूच आलं. काकू माझ्या पाठीवर थोपटत होत्या, आणि बाहेर वाट बघत थांबलेला त्यांचा मुलगा बिचारा काय झालं असेल या काळजीनं धावत येत होता.

पुढे शपथविधी झाला, पासपोर्ट आला, मग अमेरिकन म्हणून भारतात राहण्याचे कागद करण्यासाठी नवी धावाधाव. तेवढ्या काळात मी फोनवर किती जणांवर डाफरले असेन, देव जाणे. काकू अमरावतीला गेल्या. मध्ये पावसाळा गेला, दिवाळी गेली. त्या काही परत आल्या नाहीत आणि त्यांना परत या म्हणणारंही कुणी नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास एके दिवशी वर्ग चालू असतानाच त्यांचा फोन आला. वर्गात मी कुणाला फोन घेऊ देत नाही. मी तो घेतला.

"बाई, बहीण गेली आज," काकू म्हणाल्या. आवाज थकलेला होता, पण रडत नव्हत्या. "मी होते जवळ. शेवटचं पाणी माझ्या हातचं प्यायली."