तिचा डावा हात

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. माझ्या नोकरीतली बाकीची प्रकरणं तिला पाठ आहेत.

पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी दुबईला गेलो आणि अल क्वोजमधल्या एका गोदामात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. श्रीमंतांचं सामान तिथे सांभाळलं जाई. त्यातलं एक चित्र नाहीसं झालं. खिडकीपाशी बसलेली एक तरुण मुलगी. शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच चित्रकार बाईंनी रंगवलेली.

खबर कंपनीच्या बसड्रायव्हरने दिली. "साब, वो आपका मराठी पॅकर, लंच में पीछे जाके अकेला किसी से बात करता है. लड़की-वड़की का चक्कर है."

मागच्या रॅकची झडती घेतली. तिथली वाट जेमतेम हातभर रुंद. चित्र तिथेच सापडलं, कोऱ्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं. पॅकर मिरजेकडचा, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याला केबिनमध्ये बसवून चहा मागवला. परमुलखात आपली भाषा ऐकली की माणूस सैल होतो, हे मला ठाऊक होतं.

"गिऱ्हाईक कोण ठरलं होतं?"

"गिऱ्हाईक? साहेब, पोरीचा हात गेला हो माझ्याकडनं."

"कसला हात?"

"पेटीतनं काढताना घासला असणार. बघा की, चेहरा कसा जित्ता, अन् डावा हात नुसते फराटे. खालचं कापड दिसतंय. म्हटलं, हळूच रंग लावून बरा करावा. पण ब्रश उचलवंना. तिलाच रोज म्हणतोय, बाई, थांब जरा, करतो काहीतरी."

मला ते पटलं होतं. खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. हा त्यातला नव्हता. पण मॅनेजरला चोर हवा होता आणि मला नव्या नोकरीत नाव. जबाबात मी इंग्रजीत लिहिलं, 'विक्रीच्या हेतूने लपवले.' त्याने न वाचता सही केली. "तुम्ही लिवलंय म्हंजे बरुबरच असंल." बोभाटा नको म्हणून मॅनेजरने पोलिसांना कळवलं नाही. नुसतं "खलास" म्हणाला. तिसऱ्या दिवशी पॅकरला परतीच्या विमानात बसवलं.

आठवड्याने चित्राच्या मालकीणबाई आल्या. मी ओशाळून तो हात दाखवला. त्या हसल्या. "तो पहिल्यापासून असाच आहे. जवळून फराटेच दिसणार. जरा मागे या बघू."

मी मागे सरलो. चार पावलांवर त्या फराट्यांचा हात झाला, मांडीवर निवांत टेकलेला.

तेव्हाच मॅनेजरकडे जायला हवं होतं. पण मग माझा अहवाल खोटा ठरला असता. गप्प राहिलो. जबाब लिहिताना समोरच्याचे शब्द लिहावेत, आपले घालू नयेत, हे मी नव्या शिपायांना शिकवत आलो होतो. मला ते त्या दिवशी कळलं.

तो माणूस चोर नव्हता, हे इथे लिहून देतो. पण त्याला त्याहून जास्त सलत असेल ते वेगळंच. आपल्यामुळे त्या पोरीचा हात गेला, असं तो अजून धरून बसला असेल. त्याच्या गावचा पत्ता मला माहीत आहे. तिला काही झालेलं नाही, हे त्याच्या दारात जाऊन सांगणं माझ्याकडून राहिलं आहे.