पाटावरचा वाय-फाय

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा मला मनापासून राग येतो, आणि तो लपवायचं माझं वय राहिलेलं नाही. नेवासा तालुक्यातल्या त्यांच्या कॉलेजात मी ग्रंथपाल. ग्रंथालयात सगळीकडे वाय-फाय पोचावा, मुलांना टॅब मिळावेत, म्हणून मी त्यांच्या दारात चपला झिजवल्या. शेवटी नवरात्राच्या तोंडावर दोन्ही आलं. नारळ फुटला, भाषण झालं, आणि सगळं श्रेय साहेबांनी स्वतःच्याच गळ्यात घालून घेतलं.

त्याच आठवड्यात शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली. पाथर्डीकडची, आईबाप ऊसतोडीला जाणारे. खंडेनवमीला बंगळुरूच्या एका बियाणे कंपनीची ऑनलाइन मुलाखत होती. तिच्या फोनचा कॅमेरा मेलेला. आमच्या इमारतीत दाराच्या आत रेंज नाही आणि गेटबाहेर देवीचा डीजे. "इथं ये, टॅब देते," मी म्हणाले. ही नोकरी हुकली तर यंदा तीही कोयता घेऊन फडात उतरणार, हे दोघींना माहीत होतं.

नवमीला आम्ही पोचलो तर सगळे टॅब आणि वाय-फायचा डबा पाटावर! वर हळदकुंकू, झेंडू, वायरी काढलेल्या. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही रीत मलाही ठाऊक आहे. आमच्याकडे विळीसुद्धा पुजतात, पण आधी भाजी चिरून घेतात.

"बाई, हलवू नका," शिपाई म्हणाला. "पाप लागंल."

अध्यक्ष दारात उभे राहून मोबाईलवर हसत-खिदळत होते. मी मुलाखतीचं सांगितलं.

"उद्या घ्या की. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"मग साहेब, तुमचा फोन का नाही ठेवला पूजेला?"

"त्यो कसा ठिवनार? त्यो कामाचा हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी डबा उचलला, पदराने कुंकू पुसलं आणि वायर जोडली. मुलीने टॅबला आधी डोकं टेकवलं, मग ती बसली. साहेब बाहेर ओरडायला लागले तशी मी दार लावून घेतलं आणि मुलाखत संपेपर्यंत दाराला पाठ लावून उभी राहिले.

तिची निवड झाली. मला धार्मिक भावना दुखावल्याची नोटीस आली, ती अजून मागे घेतलेली नाही. गेटवर मात्र फ्लेक्स लागला: 'अध्यक्षांच्या दूरदृष्टीचे फळ'. साहेब गॉगल लावून हातभर, कोपऱ्यात ती बोटभर.

बंगळुरूहून तिचा फोन आला. "मॅडम, बोर्डाचा फोटो पाठवा ना. आई-बाबा कारखान्यावर गेल्यात, मुकादमाच्या मोबाईलवर बघतील."

मी फोटो पाठवला. आधी त्यातून साहेबांना कापून काढलं.