मैलांचे आजोबा आणि फडताळातले गाठोडे

जगातल्या कोणत्या विमानात कोणती खुर्ची रिकामी जाणार आहे, हे दोघांनाच ठाऊक असते: एक परमेश्वराला आणि दुसरे कुंभकोणमात आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या गृहस्थांना. परमेश्वर या ज्ञानाचा काही उपयोग करीत नाही. हे गृहस्थ करतात. मुलांनो, तुमच्या आजोबांचे ते मावसभाऊ, म्हणून माझे भावोजी, आणि तुम्ही फोनवर ज्यांना ‘मैलांचे आजोबा’ म्हणता ते हेच. कार्डाने काही घेतले की बँक थोडे गुण देते, त्या गुणांचे विमान कंपनीकडे मैल होतात, आणि मैल पुरेसे साठले की तिकीट जवळजवळ फुकट मिळते. एवढे मलाही कळते. भावोजींना त्यापुढचे कळते.

त्यांची कार्डे त्यांच्या आईच्या चांदीच्या पानाच्या डब्यात असतात. चुना, कात आणि सुपारीच्या कप्प्यांत पेट्रोलचे, किराण्याचे आणि लग्नांचे. लग्नांचे कार्ड सर्वांत झिजलेले. गावात आपल्या मराठी मंडळींत कोणाचेही लग्न ठरले की नवऱ्या मुलीच्या आधी भावोजी तयार होतात. दारासुरमला विणकरांच्या घरी साड्या बघायला बायका जातात आणि मागून हे. तीन तास भिंतीला टेकून बसतात, एकाही साडीबद्दल मत देत नाहीत, आणि पैसे द्यायची वेळ आली की पुढे होऊन म्हणतात, “कार्ड माझे. तुम्ही मला सावकाश द्या.” स्वामीमलैला एकाने देवघरासाठी नटराज ओतून घेतला, तेव्हा मूर्तिकाराने यांना विचारले, “देव कार्डावर घेतलेला चालेल का?” भावोजी म्हणाले, “देवाला चालेल. यंत्राला सिग्नल मिळाला पाहिजे.” मग ते यंत्र दोन्ही हातांनी उंच धरून अंगणभर फिरले. मूर्तिकाराच्या आईला आरती चालली आहे असे वाटले आणि तिने हात जोडले.

या मैलांवर भावोजी स्वतः कोठेही जात नाहीत. ते सायकलने भाजी आणायला जातात. मैल वाटले जातात. मी शिकवीत असे त्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका जन्मभर काशीला जायचे म्हणत होत्या. त्यांना यांनी तीन विमाने बदलून, पण पाय पसरायच्या मोठ्या खुर्चीतून पाठवले. परत आल्यावर आम्ही गंगेबद्दल विचारले. “गंगा चांगली आहे,” त्या म्हणाल्या, “पण ती खुर्ची, बाई, बटण दाबले की आडवी होते.” अजूनही काशीचा विषय निघाला की त्या खुर्चीचेच सांगतात.

यात अडचण एकच. फुकटची खुर्ची वार बघून मिळत नाही. पश्चिमेला शुक्रवारी निघू नये असे आपल्याकडे मानतात, आणि रिकामी खुर्ची नेमकी शुक्रवारी सापडते. त्यावर आपल्या पूर्वजांनीच उपाय ठेवला आहे: प्रस्थान. चांगल्या दिवशी थोडे तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि अंगावरचे एक वस्त्र बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचे. म्हणजे माणूस निघाला असे झाले. पुढे शरीर कोणत्याही वारी जावो. जाताना ते गाठोडे उचलायचे, पण न जाता घरी परत न्यायचे नाही. भावोजी ज्यांना ज्यांना पाठवतात त्यांची गाठोडी रस्ता ओलांडून माझ्या फडताळात येतात. मला गोंधळ खपत नाही, म्हणून प्रत्येकावर नाव आणि जाण्याची तारीख शाईने लिहून मी चिठ्ठी टाचते.

भावोजी स्वतःसाठी साठवीत होते ते फक्त एका प्रवासाचे मैल. त्यांची थोरली बहीण, आमच्या अक्का, मुलाबरोबर व्हँकूवरला गेल्या आणि गुडघ्यांमुळे तिकडच्याच झाल्या. दर रविवारी त्यांचा फोन येतो आणि शेवटी एकच प्रश्न असतो, “कधी येतोस रे?” भावोजींचे उत्तर ठरलेले: “खुर्ची बघतोय.” सहा वर्षे साठवून अखेर एका शुक्रवारच्या दोन खुर्च्या मिळाल्या, एक त्यांची आणि एक माझ्या जाऊबाईंची. आधीच्या बुधवारी दोघांनी प्रस्थान माझ्याकडे आणून ठेवले, त्यांची एक वेष्टी, म्हणजे इकडचे धोतर, आणि जाऊबाईंचा खण.

गुरुवारी सकाळी टोरांटोहून तुमच्या बाबांचा फोन आला. तुमच्या आईला दवाखान्यात नेले होते, आणि तुम्ही दोघे सात आठवडे आधीच यायला निघाला होता. तुमचे आजोबा तर त्याआधीच वारलेले. माझा व्हिसा तयार होता, पण तिकीट पुढच्या महिन्याचे होते, आणि ते बदलायला कंपनीकडे जागा नव्हती. मी पेटी भरायला घेतली ती कशासाठी, हे मलाच कळत नव्हते. भावोजी आले, झोपाळ्यावर बसले, चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ धरला. कॉफी डबऱ्याच्या पसरट वाटीत तशीच निवली. पाऊण तासाने म्हणाले, “वहिनी, उद्याची तिरुचीहून खुर्ची आहे. खिडकीची. जेवण शाकाहारी सांगितले आहे.”

मी इतकी घाईत होते की कोणाची खुर्ची, हे विचारायचे सुचले नाही. सकाळी गाडी दाराशी आली आणि ती दोघे पेटीशिवाय मला निरोप द्यायला उभी राहिली, तेव्हा कळले. आयत्या वेळची खुर्ची दुप्पट मैल खाते. माझ्या एका खुर्चीत त्यांच्या दोन्ही गेल्या होत्या. “आणि तुमचे गाठोडे?” मी विचारले. “राहू दे तेथेच,” भावोजी म्हणाले. “मैल पुन्हा साठतात. बाळंतपण थांबत नाही.”

काचेच्या पेटीत माझ्या तळहाताएवढी तुम्ही दोघे होता. तुमची आई शुद्धीवर आली तेव्हा मी समोर होते. ते मी आयुष्यात विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू नये म्हणून हे लिहिते आहे.

नऊ वर्षे झाली. दोनदा मैल पुरत आले आणि दोन्हीदा कंपनीने त्या प्रवासाचे मैल वाढवले. भावोजी रागावले नाहीत, आणखी चार लग्नांना गेले. मी एकदा जाऊबाईंची क्षमा मागितली. त्या फुले ओवीत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “आम्ही केव्हाच निघालोय. पोचायचे तेवढे राहिलेय.” अक्का आता शहाऐंशीच्या आहेत. रविवारचा फोन हल्ली लहान झाला आहे, पण प्रश्न तोच आहे.

म्हणून गेल्या वर्षी, बहात्तराव्या वर्षी, मी कार्ड घेतले. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता कॉफीच्या पुडीपासून छताच्या दुरुस्तीपर्यंत सगळे त्यावर घेते आणि जमलेले मैल भावोजींच्या प्रवासात घालते. ते नको म्हणाले, तेव्हा मी शाळेतला आवाज काढला.

गाठोड्यातले तांदूळ मी दरवर्षी बदलते. काल वेष्टी धुऊन, इस्त्री करून पुन्हा बांधली. सगळ्यांच्या चिठ्ठीवर तारीख मी शाईने लिहिते, या एकावर मात्र इतकी वर्षे पेन्सिलीने लिहीत आणि खोडत आले आहे; त्या जागी कागद पातळ झाला आहे. आज सकाळी भावोजी येऊन म्हणाले, मार्चमधल्या एका शुक्रवारी दोन खुर्च्या दिसतात, अजून थोडे मैल कमी आहेत. मी तारीख पेन्सिलीनेच लिहिली. पण पेनात शाई भरून ठेवली आहे.