धवलारिणीचा मणका

माझी सासू मोतीबाई खरवईची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजीआधी तिचा मान. तिने धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. पण पाळी आलेली धवलारीण मांडवात बसत नाही. अडतिसाव्या वर्षी तिचं रक्त फार जायला लागलं, तेव्हा अर्ध्या गावाने सल्ला दिला, पिशवीच काढून टाक, एकही लग्न चुकणार नाही. आधी गोळ्या देऊन बघू, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही. तिने पिशवी काढली आणि वर देवीची ओटी भरली. मला त्याचा आजही संताप येतो.

एकवीस वर्षं तिने एकही लग्न चुकवलं नाही. उंची मात्र कमी होत गेली. पूर्वी फळीवरचा डबा मी तिला काढायला सांगायचे, हल्ली ती मला सांगते. वय झालं, म्हणत सगळे गप्प बसलो. त्यात मीही होते.

परवा एका हळदीत पाटावरून उठताना तिच्या पाठीत कट्ट झालं. पडली नाही, काही उचललं नाही, नुसती उठली. बदलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून जुने कागद मागवले.

"मणका दबलाय. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलीत यांची. पाळी गेली की बाईची हाडं विरळ व्हायला लागतात. यांची कितीतरी वर्षं आधीच लागली. एकदाही तपासली नाहीत?"

सासू खाली बघून म्हणाली, "मना कोनी सांगलं नाय."

आणि येत्या सोमवारी माझी पिशवी काढायची होती. वय सदतीस, त्रास तोच, दवाखानाही तोच. तारीख सासूनेच घेतलेली, कारण तिच्यामागे धवलारीण मी व्हायची.

घरी आल्यावर मी म्हटलं, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवते. माझा नवरा भावेश वैतागला. "आता कॅन्सल नको करू. लग्नाचा सीझन तोंडावर आलाय. आईला जमनार नाय, तू पन गोळ्या खात बसशील तर मांडवात कोन बसनार?"

सासू डॉक्टरीणबाईंनी दिलेला कमरेचा पट्टा धरून उठली. उठायलाच तिला मिनिटभर लागलं.

"लाव फोन दवाखान्याला. सून येनार नाय सांग. आन पाली आली तरी ती मांडवान बसंल. मी बसवीन तिला."

"आई, लोक काय बोलतील?"

"मांडवान माजा मनका मोरला, तवा लोक जेवत व्हते," ती म्हणाली. "लाव फोन."

भावेशने फोन लावला.