रिंगास्किडीत नसलेला सारंग

सारंग देवधर सुमो कुस्ती खेळतो हे डब्लिनजवळच्या नावनमधल्या मराठी माणसांत सगळ्यांत आधी मला कळलं, तेही कपडे वाळत घालताना. देवधरांच्या आणि आमच्या मागच्या अंगणात एकच लाकडी कुंपण आहे. मी काही शेजारी डोकावणारी बाई नाही. पण दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वळून परत, जाड पांढऱ्या कॅनव्हासचा पट्टा लोंबत असेल तर माणूस बघणारच.

"विभा, मांडव घालतेयस का गं?" मी विचारलं.

सारंगची आई विभावरी रडवेली झाली. "सारंगचं आहे. मवाशी म्हणतात त्याला. सुमोत कमरेला गुंडाळतात. मी मशीनला लावलं तर केवढा ओरडला माझ्यावर! धुवायचं नसतं म्हणे, नुसतं उन्हात टाकायचं."

"आयर्लंडमध्ये?"

"तेच म्हटलं मी. घामाने भिजलेला लंगोट, आणि धुवायचा नाही! असं कुठे असतं का?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "कोणाला बोलू नकोस हं. पद्माकरला चालणार नाही." पद्माकर म्हणजे तिचा नवरा.

मी बोलले नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमच्याकडे सगळे म्हणतात, पण हा तीळ मी वर्षभर सांभाळला.

सारंग इथेच, नावनमध्ये जन्मला. लहानपणापासून अंगाने दांडगा. मराठी मंडळातल्या बायका आधी कौतुकाने म्हणायच्या, खात्यापित्या घरचा आहे. दहावा वाढदिवस झाला तशा त्याच बायका विभावरीच्या कानात सांगायला लागल्या, जरा कमी वाढ गं त्याला. मुलाला मराठी कळत होतं, हे कोणाच्या लक्षातच येत नसे. पुढे त्याने सगळ्यालाच नाही म्हणायला सुरुवात केली. मराठी शाळेला नाही, आरतीला नाही. पुण्याहून आजोबा आले तेव्हा पाया पडायलाही नाही. "मी कोणासमोर का वाकू?" हे त्याने भर दिवाणखान्यात, अस्सल इथल्या, मीथ परगण्याच्या इंग्रजीत विचारलं. आजोबा हसले. पद्माकर हसला नाही.

दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून सारंग डब्लिनला गेला आणि एका गोदामात खोकी उचलायला लागला. तिथून जवळच ज्युडोचा एक हॉल होता, तिथे सुमोही शिकवत. तो चालवणारा डेक्लन हा चणीने बारका, पिकल्या केसांचा आयरिश माणूस, जपानमध्ये बरीच वर्षं राहून आलेला. त्याने पहिल्याच दिवशी या पहाडाला ढकलून वर्तुळाबाहेर काढलं. सारंग शिव्या देत उठला आणि पिशवी उचलून निघाला. डेक्लनने त्याला परत बोलावलं, हरलास म्हणून नाही, वाकून नमस्कार न करता चाललास म्हणून. सारंग तरीही गेला. पुढच्या आठवड्यात आपणहून परत आला.

का आलास, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, "काकू, तिथे कोणी मला बारीक हो म्हणालं नाही."

पद्माकरला मात्र या सगळ्याची लाज वाटायची. दुसरा शब्द नाही. डब्लिनच्या बसमध्येही इस्त्रीचा शर्ट घालून बसणारा हा सडपातळ, नीटनेटका माणूस. त्याचा मुलगा उघड्या अंगाने, ढुंगणाला पट्टा बांधून चारचौघांत उभा राहतो, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती. सारंग काय करतो असं मंडळात कोणी विचारलं की तो म्हणायचा, "रिंगास्किडीला असतो. फार्मा कंपनीत. क्वालिटीमध्ये."

जागा हुशारीने निवडली होती. रिंगास्किडी पार कॉर्कच्या पलीकडे, नावनहून तिथे कोण चहाला जातंय! पण आपण कुठल्या लोकांत राहतो ते पद्माकर विसरला. आपल्यात एखाद्याचा मुलगा नोकरीला लागला की चौथ्या दिवशी त्याच्या बापाकडे सी.व्ही. यायला लागतात. मंडळातल्या ज्ञानेशने भाचीचा, सानिकाचा पाठवला. मग इतरांनी आपापल्या पोरांचे. पद्माकर सगळ्यांना म्हणायचा, "हो हो, सारंगला देतो." दिवसेंदिवस तो माणसं टाळायला लागला. बस स्टॉपवर ज्ञानेश दिसला की हा फोन कानाला लावायचा, आणि त्या फोनवर कोणी नसायचं हे मला दिसायचं.

वसंतात डब्लिनला सारंगची स्पर्धा होती. विभावरीने मला ओढून नेलं. पद्माकरने गाडीने आणून दाराशी सोडलं आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, पार्किंगला जागा मिळते का बघतो." कार पार्क क्रिकेटच्या मैदानाएवढा होता, आणि त्यात बारा-पंधरा गाड्या.

सारंग समोर आला तेव्हा मी आधी मान खाली घातली. लाज मलाही वाटली, खोटं कशाला बोलू. लंगोटीत पाहिलेलं पोर होतं ते, पण तेव्हा ते पाळण्यात होतं. मग धडकेचा आवाज आला आणि मी वर पाहिलं. सारंगने एका तांबड्या केसांच्या दांडग्या गड्याला रेटत रेटत वर्तुळाबाहेर नेलं होतं. आता हा ओरडणार, मुठी नाचवणार, असं मला वाटलं. त्याने पडलेल्याला हात देऊन उठवलं, शांतपणे आपल्या जागेवर गेला आणि कमरेतून खाली वाकला. जिंकल्यावर नाचायचं नसतं तिथे. विभावरी पदर नव्हता म्हणून जॅकेटच्या बाहीला डोळे पुसत होती.

नंतर तो केस पुसत दाराशी आला. दाराच्या काचेतून त्यांची गाडी सरळ समोर दिसत होती, आणि स्टिअरिंगमागे पद्माकर.

"बाबांना पार्किंग मिळालं?" सारंगने विचारलं.

"नाही रे," विभावरी म्हणाली.

"ग्रँड," तो म्हणाला, इथे 'ठीक आहे'ला म्हणतात तसं, आणि आत गेला.

यंदा गणपतीला विभावरीने फारच आग्रह केला म्हणून सारंग घरी आला. मंडळाचा गणपती जी.ए.ए. या आयरिश खेळांच्या क्लबच्या हॉलमध्ये असतो, आणि विसर्जन हॉलच्या मागे, मोठ्या टबमध्ये. सारंग आला तो दारातच हॉलकडे तोंड करून वाकला. सवयीने असावं. पोरं खुदखुदली. तेवढ्यात ज्ञानेशने त्याला गाठलं.

"अरे सारंग! सानिकाचा सी.व्ही. मिळाला ना तुला? तुमच्या रिंगास्किडीला ओपनिंग आहे म्हणतात."

आपण रिंगास्किडीला असतो हे सारंगला त्या क्षणी कळलं. त्याने बापाकडे पाहिलं. पद्माकरचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता हा मुलगा सगळ्यांदेखत बापाची सालटी काढणार, आणि काढली तरी बोल लावता येणार नाही, असं माझ्या मनात आलं.

"सॉरी अंकल," सारंग म्हणाला. "मी तिथे नाही आता. जॉब सोडला. बाबांना माहीत नव्हतं."

"सोडला?" ज्ञानेशचा आवाज चढला. "अरे, निदान वडिलांना तरी सांगायचंस! हा माणूस इथे अभिमानाने तुझं नाव घेतोय, आणि तू? काही वाटतं की नाही तुला?"

कोणाचं अवाक्षर ऐकून न घेणारा तो मुलगा मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता. आजूबाजूचे लोक पद्माकरच्या पाठीवर हात ठेवायला लागले. जाऊ दे हो, हल्लीची मुलं अशीच. पद्माकर हातात प्रसादाचा द्रोण धरून ती सहानुभूती घेत उभा राहिला. मला त्याचा इतका राग आला की मी उठून चपला शोधायला लागले.

आरती झाली. विसर्जनाला मूर्ती जड होती म्हणून सारंगला पुढे केलं. त्याने आधी मूर्तीसमोर कमरेतून वाकून घेतलं, मग ती पाटासकट एकट्याने उचलली. "काय ताकद आहे हो!" कोणीतरी म्हणालं.

"सुमो खेळतो तो," पद्माकर म्हणाला.

हॉलभर हशा पिकला. ज्ञानेश तर टाळी द्यायला पुढे आला. "बेस्ट! पद्माकर, तुझ्या मुलाची तूच चेष्टा करतोस!"

"चेष्टा नाही. रिंगास्किडीला तो कधीच नव्हता. मी खोटं बोललो. तो सुमो खेळतो. थांबा, फोटो दाखवतो."

त्याने फोन काढला आणि बोटाने सरकवत राहिला. शाळेच्या गणवेशातला सारंग आला, डेब्सला, शाळा संपतानाच्या नाचाला, सूट घातलेला सारंग आला. त्यानंतर फुलझाडं होती, सूर्यास्त होते, ऑफिसातले केक होते. सगळे वाट बघत होते. शेवटी त्याने मान वर केली आणि सगळ्यांसमोर मुलालाच विचारलं, "सारंग, तुझा एखादा फोटो आहे का रे?"

सारंग मूर्ती घेऊन दाराशी पोचला होता. तो थांबला. आवाजात राग असता तर बरं झालं असतं, तो नव्हता.

"आहेत ना, बाबा. लोड्स आहेत. पण कार पार्कमधून काही दिसत नाही."

पद्माकरने पुढे होऊन दार उघडलं. सारंग गणपती घेऊन बाहेर गेला. पद्माकर तसाच दार धरून उभा राहिला, आणि मोरया म्हणायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.