साडूंची बंद खोली

या भूतलावर कोणावरही तसूभर विश्वास न ठेवता पन्नास वर्षं निरोगी जगून दाखवलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा साडू आहे. बीड जिल्ह्यात राहून मी हे म्हणतो, तेव्हा स्पर्धा किती मोठी होती हे लक्षात यावं. आमच्याकडे संशय हा शेतीचा जोडधंदा आहे. बाकीचे लोक तो सवडीने करतात, साडूंनी त्याला पूर्ण वेळ दिला. त्यांच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना पलीकडे नेमकी कोण उभी आहे, याची त्यांनी भटजींकडे हळूच चौकशी केली होती. पलीकडे माझी मेहुणीच उभी होती. तिने ते ऐकलं, आणि इतक्या वर्षांत ती ते विसरलेली नाही.

पाटोद्याच्या बाजाराला ते घरचं एक किलोचं वजन पिशवीत घालून जात. ते वजन त्यांनी एकदा सोनाराकडून तपासून आणलं होतं, आणि मग त्या सोनाराबद्दल त्यांना शंका आली. एसटीत बसण्याआधी गाडी कुठे जाते हे ते वाहकाला, चालकाला आणि खिडकीतल्या एखाद्या म्हातारीला असं तिघांना विचारत. एकदा तिघांनीही एकच उत्तर दिलं, तेव्हा ते खाली उतरून उभे राहिले. म्हणाले, "तिघांचं एकमत झालं म्हणजे काहीतरी ठरवलेलं हाय." धर्मापुरीचं जुनं देऊळ पाहायला आम्ही गेलो होतो. तिथे त्यांनी एक चप्पल दाराशी ठेवली आणि दुसरी पार मागे, एका बाभळीखाली. जोड दिसला तर चोर येतो, एकट्या चपलेला कोणी विचारत नाही, हा त्यातला सिद्धांत. परतताना ती बाभळ काही सापडली नाही. घरापर्यंत ते एका पायाने अनवाणी आले, पण चप्पल चोरीला गेलेली नाही याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर अखेरपर्यंत होतं.

घराचं दार ते नुसत्या आवाजावर कधी उघडत नसत. बायको कोथिंबीर आणायला कोपऱ्यावर गेली, तरी परत आल्यावर तिला नाव सांगावं लागे. आवाज काय, कुणाचाही काढता येतो. माझ्या बाबतीत मात्र सवलत होती. मी कडी वाजवली की आतून "कोण?" येई, मी "मी" म्हणे आणि दार उघडे. ही सवलत कशाबद्दल, हे मी कधी विचारलं नाही. नातं असेल, किंवा मी चाळीस वर्षं शाळामास्तर होतो, म्हणून असेल. मास्तर खोटं बोलत नाही असा समज अजून काही ठिकाणी टिकून आहे.

असा माणूस एका दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळत होता. दवाखाना धर्मादाय संस्थेचा. अध्यक्ष एक वजनदार पुढारी, आणि पाच विश्वस्तांपैकी एक मी. आमच्या भागातली, विशेषतः शिरूर कासारकडची, निम्मी गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे कोयते जमवून मुकादम टोळी करतो आणि टोळी कारखान्यावर नेतो. बायकांची दुखणी त्यांच्याबरोबर जातात आणि त्यांचे कागद इथे आमच्या कपाटात राहतात. म्हणून संस्थेने दोन सिस्टर हंगामभर टोळ्यांच्या मागे पाठवायच्या ठरवल्या. तिकडे कोपीत, म्हणजे टोळीच्या पाचटाच्या झोपडीत, बसून त्यांना इथल्या मशीनमधलं बाईचं कार्ड पाहता यावं, ही सोय करण्याचं काम साडूंकडे आलं.

आधीची व्यवस्था सगळ्यांना एकच पासवर्ड अशी होती. तो सांगून एकदा आत शिरलं की सगळं घर मोकळं, माजघरापासून देवघरापर्यंत. साडू तिला 'धर्मशाळा' म्हणत. मग त्यांनी कुठेतरी 'झीरो ट्रस्ट' नावाच्या पद्धतीबद्दल वाचलं आणि आपल्याच स्वभावावर कोणीतरी सातासमुद्रापार शास्त्र लिहिलंय हे पाहून त्यांना भरून आलं. मला त्यांनी ते समजावलं ते असं. बाहेरून आत यायला दारच ठेवायचं नाही. आतलं मशीन स्वतःच वेशीवरच्या राखणदाराला फोन लावून बसतं. येणाऱ्याने आपली ओळख राखणदाराला पटवायची. माणूस तोच का, त्याच्या हातातला टॅब तोच का, आणि त्याला आत्ता नेमकं काय पाहायचंय, हे दर वेळी नव्याने. पटलं तर तेवढंच एक कार्ड दाखवायचं. काल आला होता म्हणून आज तसाच आत सोडायचा नाही. शिरूरच्या सिस्टरला शिरूरच्याच बायका दिसाव्यात, पाटोद्याच्या सिस्टरला पाटोद्याच्या. अध्यक्षांना किती बायका तपासल्या तो आकडा दिसावा. "अन् तुम्हाला?" मी विचारलं. "मला कशाला दिसाव्या?" ते म्हणाले. "माझा काय भरवसा?"

तीन महिने खपून त्यांनी हे उभं केलं. मागच्या बाजूच्या एका खोलीत मशीन ठेवलं, दाराला दोन कुलपं लावली आणि दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत ठेवल्या. मग उद्घाटन झालं, कारण आमच्याकडे उद्घाटनाशिवाय विजेचं बटणही दाबलं जात नाही. मांडव पडला, अध्यक्षांच्या हसऱ्या चेहऱ्याचे फलक लागले. परस्परविश्वास हाच संस्थेचा पाया आहे, असं ते पाऊण तास बोलले. नंतर टाळ्यांच्या गजरात त्यांनी बटण दाबलं, आणि आपण कोण, असं पडद्याने त्यांना विचारलं. खात्रीचा निरोप त्यांच्या फोनवर गेला होता. पण मोठ्या माणसाचा फोन मोठा माणूस स्वतः बाळगत नाही, तो ड्रायव्हरकडे असतो. ड्रायव्हर पेढे आणायला गेला होता. पडद्यावरचा प्रश्न, त्याच्यासमोर अध्यक्ष आणि मागे अडीचशे माणसं, असे सगळे वीस मिनिटं पेढ्यांची वाट पाहत उभे राहिलो. साडूंना यात काही वावगं वाटलं नाही. उलट यंत्रणा चोख चालते, हे सगळ्यांना दिसलं म्हणून ते खूश होते.

दसऱ्याच्या सुमाराला शिरूरकडच्या एका वस्तीवरची मंदा नावाची बाई त्यांच्याकडे आली. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आणि या वर्षी जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं होतं. ऊस तोडून त्याची मोळी डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढायचं, हेच तिचं काम. तिला तिकडे जायचं होतंच, मोळ्या नवरा वाहणार होता आणि ती खाली बसून बांधणार होती. पण हे मुकादमाला कळलं असतं, तर त्याने त्यांचा कोयता घेतलाच नसता. तिने मशीनकडे बोट दाखवून विचारलं, "सायेब, ह्या डब्यातलं मुकादमाला दिसल का?"

"न्हाई."

"अध्यक्ष सायबाचा भाचाच हाय तो."

"अध्यक्षालाबी दिसत न्हाई," साडू म्हणाले. तिचा विश्वास बसला. आयुष्यात साडूंवर कोणी इतका चटकन विश्वास ठेवला नव्हता. ते त्याने बरेच दिवस अस्वस्थ होते.

आठवड्याभरात अध्यक्षांचा निरोप आला की त्यांना सगळी कार्डं दिसली पाहिजेत. भाच्याने टोळी भरायला घेतली होती आणि कोणती बाई धडधाकट, कोणती नाही, हे त्याला आधी कळायला हवं होतं. असं अर्थात कोणी म्हणालं नाही, 'प्रशासकीय सोय' असं म्हणाले. साडूंनी सिस्टरला विचारा, डॉक्टरला विचारा, कोणत्या बाईचं कार्ड कशासाठी ते लिहून द्या, असा नियम दाखवला. तेव्हा अध्यक्ष स्वतः खोलीशी आले. "म्या बांधलेल्या दवाखान्यात तू मलाच इचारतो बे, कोण म्हणून?"

"सगळ्यांनाच इचारतंय ते, सायेब. तुमच्यावर राग न्हाई त्याचा."

विश्वस्तांची बैठक लागली. आदल्या संध्याकाळी साडू माझ्याकडे आले आणि त्यांनी मला ती हकिगत सांगितली. बाईचं नाव काही सांगितलं नाही. "नाव इचारू नका. गोष्ट खरी हाय. उद्या तुमी बोला, मास्तर. माझं कुणी ऐकत न्हाई, तुमचं ऐकतेत." मी बोलेन म्हणालो. त्यांनी लेखी मागितलं नाही.

बैठकीत दोन ठराव आले. एक, अध्यक्षांना सर्व कार्डं पाहण्याचा अधिकार द्यावा. दोन, कॉम्प्युटरचं काम दुसऱ्या माणसाकडे सोपवावं. अध्यक्षांनी "कुणाला काही बोलायचंय?" असं विचारलं तेव्हा साडू दाराशी उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मी चष्मा पुसत होतो. माझी सून अध्यक्षांच्या शाळेत शिक्षिका आहे आणि अजून कायम झालेली नाही. हे कारण होऊ शकत नाही, मला माहीत आहे. चाळीस वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं आहे. पुसून झाल्यावर मी चष्मा लावला आणि दोन्ही ठरावांवर सही केली. अक्षर माझं नेहमीप्रमाणे सुवाच्य आलं.

साडूंनी काही त्रागा केला नाही. नव्या माणसाचं आधार कार्ड मागून त्यावरचा फोटो त्याच्या चेहऱ्याशी ताडून पाहिला, दोन खिशांतून दोन किल्ल्या काढल्या, पोच लिहून घेतली आणि ते घरी गेले. नव्या माणसाने अध्यक्षांना सगळे अधिकार दिले. अध्यक्षांनी बटण दाबलं. आपण कोण, असं पडद्याने विचारलं. ड्रायव्हर कोणाला तरी आणायला बीडला गेला होता. तीनदा दाबून अध्यक्ष वैतागून उठले आणि पुन्हा कधी त्या खोलीकडे फिरकले नाहीत. नवा माणूस आपलं काम घरूनच करतो. म्हणजे साडूंनी बांधलेली भिंत शेवटपर्यंत कोणी ओलांडली नाही. त्यांना काढलं नसतं तरी चाललं असतं.

टोळ्या निघायच्या आधी बायकांची तपासणी असते. त्यासाठी बोलावलेल्या बायकांची यादी आमच्या सिस्टर दर वर्षी हाताने लिहून दारावर चिकटवतात. ज्यांना जड काम मना आहे, त्यांच्या नावापुढे लाल फुली करतात, म्हणजे डॉक्टर त्यांना आधी घेतात. ही पद्धत दवाखाना निघाला तेव्हापासूनची आहे आणि तिच्यात कोणाला कधी काही गैर दिसलं नाही. साडू मशीनपलीकडे काही बघत नसत, त्यांनाही दिसलं नाही. इतकी वर्षं यादी ओपीडीच्या दारावर लावत, पण ते दार सारखं उघडतं-मिटतं आणि कागद फाटतो. या वर्षी सिस्टरना चांगली जागा मिळाली. मागच्या खोलीचं दार आता कधीच उघडत नव्हतं. त्या दारासमोर एक बाक आहे. अध्यक्षांना भेटायला आलेली माणसं त्या बाकावर बसतात.

भाचा अर्धा तास बसला होता, असं शिपाई म्हणाला.

मंदा हे नाव मी त्या दारावर पहिल्यांदा वाचलं. पुढे फुली होती. चौकशी केली तेव्हा कळलं की साडूंनी नाव न सांगितलेली बाई तीच, आणि तिचा नवरा अर्धा कोयता म्हणून एकटाच कारखान्यावर गेला. ती वस्तीवर शेळ्या राखते. बरंच झालं, तेवढीच विश्रांती, असं आमचे एक विश्वस्त म्हणाले.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी साडूंकडे गेलो. कडी वाजवली. आतून "कोण?" आलं.

"मी."

मग त्यांनी विचारलं, "मी म्हंजी कोण?"

मी माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट सांगितलं. गावही सांगितलं. मग दार उघडलं. तिळगूळ त्यांनी घेतला, चहा झाला. बैठकीचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढण्याचा प्रश्नच नव्हता. एरवी ते खाली माझ्यासोबत फाटकापर्यंत येत. या वेळी ते उंबऱ्यातच थांबले. मी चपला घालत असताना त्यांनी एवढंच विचारलं, "ती खोली नीट बंद असती ना?"

मी म्हणालो, कायम बंद असते. हे खरं होतं. त्याशिवाय दारावरचा कागद इतके दिवस टिकला नसता.