पंचवीस नंबर

लेबलकाकांचं खरं नाव गल्लीत कोणालाच ठाऊक नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी एकतीस वर्षं नटबोल्टांना नंबर दिले. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले, तेव्हा घरातल्या डब्यांना, छत्र्यांना, अगदी उशांनासुद्धा दिले. "उद्या मलाही चिकटवाल," बायको म्हणायची. यावर काका क्षणभर विचार करायचे, असं शेजारीण शपथेवर सांगते.

तर या गृहस्थांना तीन वर्षांनी कामाची आशा लागली होती. एका दवाखान्याच्या स्टोअरला आठवड्यातले तीन दिवस माणूस हवा होता. मुलाखत चार वाजता, घरच्या कॉम्प्युटरवर. आणि तीनपासून नेट जात होतं, येत होतं, पुन्हा जात होतं.

कॉम्प्युटर लिनक्सवाला. "यात सगळं आपल्या हाताने करता येतं" म्हणून काकांनी हौसेने केलेला. आता त्याच हातांनी ते कपाळ बडवून घेत होते. वायर बदलून झाली. राउटर बंद करून चालू केला. मग पिंगची आज्ञा दिली. म्हणजे कॉम्प्युटरने राउटरला हाक मारायची आणि राउटरने ओ द्यायची. दहा हाकांना ओ आली आणि मग राउटर रुसून बसला.

"अगं, कंपनीची वायरच कुजलेली आहे!"

"माझं तर बरं चाललंय," आतून बायको म्हणाली. बहिणीने परवाच दिलेला टॅब तिच्या मांडीवर होता. "मधेमधे अडकतं. तुम्ही ओरडलात की."

"माझ्या ओरडण्याने नेट अडकतं?"

"इथे माझा श्वास अडकतो, नेटचं काय घेऊन बसलात!"

चारला दहा कमी. कॉलर घामाने चिंब. शेवटी बायको टॅब बंद करून कंगवा घेऊन आली. "निदान केस तरी विंचरा." आणि काय गंमत, प्रत्येक हाकेला ओ येऊ लागली!

काकांनी आधी कंगव्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. घाईघाईने राउटरची यादी उघडली. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर आपल्या मर्जीने नंबर देतो. पण मर्जीचा नंबर काकांना कसा खपावा? कॉम्प्युटरला त्यांनी स्वतःच्या हाताने कायमचा पंचवीस नंबर ठोकला होता, आणि राउटरला ते सांगायचं राहून गेलं होतं. परवा कॉम्प्युटर बंद असताना बिचाऱ्या राउटरने पंचवीस नंबर टॅबला देऊन टाकला.

एका नंबरावर दोन वस्तू, म्हणून राउटरची ओ कधी कॉम्प्युटरला, कधी टॅबला! याच गुन्ह्यासाठी कारखान्यात काकांनी एका कारकुनाला आठवडाभर टोमणे मारले होते.

कॉम्प्युटरला दोनशे हा नंबर देऊन, या वेळी राउटरलाही तसं सांगून मुलाखतीत शिरेपर्यंत चार वाजून बारा मिनिटं झाली.

"उशीर?" पडद्यावरच्या मेट्रनबाईंनी विचारलं.

"वायर सांगा, वायर," बायको कॉम्प्युटरच्या मागून कुजबुजली.

काकांनी तिला हातानेच थांबवलं. "एकच नंबर दोन वस्तूंना दिला गेला. चूक माझीच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्या स्टोअरमध्ये कात्र्यांचं हेच झालंय. तुम्हाला शोधायला किती वेळ लागला?"

"तास लागला. डोकं ठिकाणावर असतं तर पाच मिनिटं."

"आमची माणसं सहा महिने शोधतायत. सोमवारी येऊन बघा. तीन दिवस, ठरल्याप्रमाणे."

काकांनी हात जोडले. पण बायकोने मान आडवी घालून पडद्यात डोकावून विचारलंच, "बाई, सहा दिवसांचं नाही का जमणार?"